केरोबाची राहून गेलेली हकालपट्टी

एका जंगलात एक कुंपण होतं.

जंगलात कुंपण कशाला, असं लगेच विचारू नका. गोष्टीच्या पहिल्याच ओळीला हात वर करणारी मुलं मला आवडत नाहीत. सांगतो, दम धरा. त्या जंगलाच्या सिंहमहाराजांना एकदा दुपारच्या झोपेत मच्छर चावला. महाराज दचकून उठले आणि म्हणाले, "हा आपला नव्हे. आपला असता तर चावला नसता."

झालं! प्रधानांनी मान डोलावली. आठ दिवसांत करवंदीच्या काट्यांचं कुंपण उभं राहिलं. कुंपणाला एक फाटक आणि फाटकाशी एक कचेरी. आपले कोण आणि परके कोण, याची मोजदाद सुरू झाली. मच्छर तेवढा मोजदादीतून सुटला, कारण तो कुंपणावरून उडून जायचा.

त्या जंगलात केरोबा वेटोळे नावाचं एक खवले मांजर राहत होतं. खवले मांजर कुणी पाहिलंय का? नाही ना? नावात मांजर आहे, पण मांजराशी त्याचं देणंघेणं नाही. लांब तोंड, त्याहून लांब जीभ, आणि अंगभर घराच्या कौलांसारखे खवले. खाणं म्हणजे वाळवी आणि मुंग्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात. भीती वाटली की ते एकच करतं. डोकं पोटात घालतं, शेपूट वरून गुंडाळतं आणि गोळा होऊन पडतं. मग वाघ आला तरी उलगडत नाही. वेटोळे हे आडनाव त्यावरूनच पडलं होतं.

मोजदाद करायला दोन रानडुकरं आली. दोघंही हवालदार.

"अंगावर केस आहेत का?" पहिल्या हवालदारानं विचारलं.

"नाहीत," केरोबा म्हणाला.

"मग काय आहे?"

"खवले."

"खवले कुणाला असतात?"

केरोबा खरं बोलणारा. तो थोडा विचार करून म्हणाला, "माशाला."

"मासा कुठं राहतो?"

"पाण्यात."

"म्हणजे तू तळ्यापलीकडचा. चल, नीघ."

"अहो, माझे पणजोबा याच वारुळाशेजारी..."

"पणजोबांना केस होते?"

"नव्हते."

"बघा! म्हणजे तुमच्या घराण्यात हे पिढ्यानपिढ्या चालू आहे."

केरोबाची बायको यसाबाई बिळाच्या तोंडाशी उभी होती. तिला दिवस गेले होते. हवालदारानं तिलाही तेच विचारलं. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "खवले कुठले? डोळे फुटले का? ही कौलं आहेत. कौलं घरावर असतात. माझं घर कुठंय? हे इथं." हवालदारांना ते पटलं. त्यांनी तिच्या नावापुढं 'आपली' असं लिहून घेतलं.

केरोबा मात्र भीतीनं गोळा झाला होता. हवालदारांनी त्याला नाकाडांनी ढकलत ढकलत फाटकापर्यंत नेलं आणि उतारावर सोडून दिलं. तो गडगडत गेला तो थेट ओढ्याच्या काठी थांबला. उलगडला तेव्हा दुपार कलली होती. समोर कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे त्याचं घर.

तळ्याकडचे मासे म्हणाले, "तू आमचा नव्हेस. पोहून दाखव." मग केरोबा ओढ्याकाठीच एक बीळ खणून राहिला.

दोन महिन्यांनी यसाबाईला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं बकुळा. खवले मांजराची पोरं लहानपणी आईबापाच्या शेपटीवर बसून फिरतात. पोर शेपटीला घट्ट धरतं आणि माय डुलत डुलत वारुळं दाखवत जाते. पाच-सहा महिन्यांत पोर मोठं होतं आणि शेपटीवरून उतरतं ते कायमचं. यसाबाई रोज बकुळाला शेपटीवर घेऊन कुंपणाशी यायची. केरोबा काट्यांतून बघायचा. 

"यसा, एकदा तरी तिला माझ्या शेपटीवर बसवू दे गं. मोठी झाली की राहिलंच."

"मग या की आत! तुमच्या नखांना हे कुंपण म्हणजे किस झाड की पत्ती. सकाळी खणायला बसलात तर न्याहारीला घरी याल."

"नको. लेकीनं बापाला भोकातून आलेला बघायला नको. मी फाटकातून येईन. कायद्यानं येईन."

"या हो, कायद्यानं या. तोवर ही आजी होईल," यसाबाई म्हणाली आणि तिनं पदर नसताना पदरानं डोळे पुसले.

थोड्या दिवसांनी महाराजांची दाढ दुखायची थांबली. त्या आनंदात दवंडी पिटली गेली की, चुकून हाकलले गेलेल्यांनी रीतसर अर्ज करून परत यावं. केरोबानं आंघोळ केली, पळसाच्या दोन पानांवर अर्ज लिहिला, एक पान कचेरीला आणि एक स्वतःला, आणि फाटकाशी हजर झाला.

फाटकावर कारकून होते सरडेअण्णा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं तुमच्या पुस्तकात असतं. आमच्या जंगलात सरड्याची बदलीच कुंपणावर झाली होती. अर्जदार आला की अण्णा लाल व्हायचे आणि साहेब दिसले की फिकट हिरवे.

"नाव?"

"केरोबा वेटोळे."

"कुठून आलात?"

"इथूनच."

"इथून कुणी इथं येत नाही. बरं, राहू दे. ठसा बघू."

आता हा ठसा काय, ते सांगतो. फाटकात ओल्या मातीची पाटी ठेवलेली असे. आत येणाऱ्यानं उजव्या पायाचा ठसा द्यायचा, बाहेर जाणाऱ्यानं डाव्या पायाचा. पाटी उन्हात सुकली की कोठारात जायची. ठसा असला तर तुम्ही गेलात. नसला तर नाही गेलात. तुम्ही स्वतः काय म्हणता, त्याला कचेरीत काडीची किंमत नव्हती.

अण्णा कोठारात जाऊन आले. "तुमच्या डाव्या पायाचा ठसा नाही."

"कसा असेल? मला लोळवत नेलं हो. पाय जमिनीला लागलेच नाहीत."

"ते मला काय सांगता? मी इथंच बसलो होतो. झकास गडगडलात."

"मग लिहा ना, की मी बाहेर आहे!"

"मी बघितलं म्हणून काय झालं? पाटीवर पाहिजे. पाटीप्रमाणे तुम्ही बाहेर गेलाच नाहीत. आणि परतीचा अर्ज असतो बाहेर गेलेल्यांसाठी. जो गेलाच नाही, तो परत कसा येणार?"

केरोबाचा चेहरा उजळला. "म्हणजे मी आतच आहे?"

"आतच."

"मग जातो घरी." आणि त्यानं फाटकात पाय टाकला.

अण्णा लालबुंद झाले. "अहो, अहो! कुठं निघालात? हाकललेल्यांच्या यादीत नाव आहे तुमचं! तुम्हाला आत येता येणार नाही."

"मग मी करू काय?"

"उद्या या," सरडेअण्णा म्हणाले.

केरोबा दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशी गेला. महिनाभर जात राहिला. रोज नवं पान, रोज तेच उत्तर. कुंपणापलीकडे बकुळा वाढत होती. आता ती शेपटीवर मावेनाशी व्हायला लागली होती. एक दिवस यसाबाई म्हणाली, "परवा ती अर्धी वाट स्वतःच्या पायांनी चालली." सगळ्या आयांना असल्या गोष्टीचं कौतुक असतं. केरोबाला त्या दिवशी वाळवी गिळवली नाही.

तो ओढ्याकाठी मान घालून बसला होता, तेव्हा झिपरू मुंगूस तिथून चालला होता. झिपरूला आजवर पाच वेळा जंगलातून हाकललेलं होतं आणि तो रोज जेवायला घरी जायचा. कुंपणाला त्यानं स्वतःचं भोक ठेवलं होतं.

"काय केरोबाभाऊ, तोंड का असं?"

केरोबानं सगळं सांगितलं. झिपरू ऐकता ऐकता हसायला लागला.

"तुमचं दुखणं कळलं मला. तुम्ही एकदाही धड हाकलले गेला नाहीत! माझी बघा, पाच पाट्या आहेत कोठारात. डाव्या पायाचे पाच सुंदर ठसे. माझी फाईल काढली की अण्णा उठून उभे राहतात."

"मग मी काय करू?"

"परत घ्या, परत घ्या, म्हणून काय रडताय? तुमची हकालपट्टी सरकारनं अर्धवट सोडलीय. ती पुरी करून मागा. अर्धवट काम म्हटलं की कचेरीच्या पोटात गोळा येतो."

केरोबानं त्या संध्याकाळी नवं पान घेतलं. वर लिहिलं, 'विषय : अपूर्ण राहिलेली हकालपट्टी पूर्ण करून मिळणेबाबत.' खाली लिहिलं की, अर्जदारास पायी न घालवता लोळवून घालवण्यात आले, त्यामुळे ठसा उमटला नाही, तरी कृपा करून अर्जदारास नियमाप्रमाणे पुन्हा हाकलावे.

सरडेअण्णांनी तो अर्ज वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला. त्यांचा लाल रंग उतरला. नोकरीत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडे कचेरीला जमेल अशी गोष्ट मागितली होती.

"हे बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "पण हाकलायचं तर आतून हाकलावं लागतं. बाहेरच्याला बाहेर कसं काढणार? त्यासाठी आधी तुम्हाला आत घ्यावं लागेल."

"घ्या की."

"साहेबांचा पंजा लागेल."

साहेब म्हणजे घुबडसाहेब. कचेरीची वेळ सकाळी दहा ते पाच, आणि साहेब दिवसा झोपणारे. साहेब हजेरीला मात्र पक्के. दहाच्या ठोक्याला फांदीवर येऊन झोपायचे. अण्णांनी त्यावर तोड काढली होती. साहेबांचा पंजा आणि फांदी यांच्या फटीत ते हळूच पान सरकवायचे. नखांची खूण उमटली की अर्ज मंजूर.

केरोबाचं पान मंजूर झालं. 'हकालपट्टीसाठी तात्पुरता प्रवेश.' शिवाय साहेबांच्या नखाखालून एक परिपत्रकही निघालं, की यापुढे कुणालाही गोळा झालेल्या स्थितीत जंगलाबाहेर ढकलू नये, ठसा घेतल्याशिवाय हकालपट्टी धरली जाणार नाही. दोन्ही हवालदारांना ते तीनदा वाचून दाखवण्यात आलं. हवालदार खट्टू झाले. ढकलण्यात त्यांना मजा वाटायची.

"पण एक आहे," अण्णा म्हणाले. "आत घ्यायला झोपेतला पंजा चालतो. हाकलायचा हुकूम मात्र साहेबांनी जागेपणी वाचावा लागतो. तसा नियम आहे. साहेब जागे होईपर्यंत तुम्ही आत थांबा. रोज सकाळी इथं हजेरी लावायची. आणि एकदा नीट हाकललं की मग दोन पावसाळे बाहेर काढायचे, मग परतीचा अर्ज करायचा."

केरोबानं ओल्या पाटीवर उजवा पाय ठेवला. फाटकातून, दिवसाढवळ्या, कायद्यानं तो आत आला.

यसाबाई समोरच उभी होती. सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "म्हणजे तुम्ही आत आलात ते बाहेर जायला? अहो, तुमच्या अकलेला काय म्हणू मी?"

"म्हण काय म्हणायचं ते. आजचा दिवस तर मिळाला ना? कुठंय ती?"

बकुळा आईच्या मागं लपली होती. तिनं बापाला काट्यांच्या जाळीतून पाहिलं होतं, असा अख्खा कधी पाहिला नव्हता. केरोबा जमिनीला टेकून बसला आणि त्यानं शेपूट पसरली.   बकुळा आली, तिनं वास घेतला आणि शेपटीवर चढून बसली. पाय खाली लोंबत होते, पण बसली. त्या दिवशी केरोबानं तिला जंगलातली सगळी वारुळं दाखवली. एकेक दोनदा दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बकुळाला शेपटीवर घेऊन कचेरीत हजर झाला.

"अण्णा, आज हाकलताय का?"

अण्णांनी वर पाहिलं. साहेब घोरत होते. "उद्या या."

मुलांनो, महिनाभर जे शब्द ऐकून केरोबाच्या छातीत धस्स व्हायचं, तेच शब्द ऐकून आता त्याला गूळ खाल्ल्यासारखं वाटलं. तरी तो रोज जायचा. चुकवायचा नाही. वाट बघताना कचेरीच्या भिंतीवरची वाळवी खायचा, त्यामुळे कोठाराच्या दारंखिडक्या धड राहिल्या आणि अण्णा त्याला बसायला सावली देऊ लागले.

असे वीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी भर दुपारी सूर्याला ग्रहण लागलं.

अंधार झाला. कावळे घरट्यांकडं निघाले. आणि फांदीवर घुबडसाहेबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. कचेरीत कुणी साहेबांचे डोळे पाहिलेच नव्हते. अण्णा इतके फिकट झाले की दिसेनात.

"काय काम शिल्लक आहे?" साहेबांनी विचारलं.

"ए-एकच, साहेब. एक हकालपट्टी अर्धवट आहे."

"अर्धवट? माझ्या कचेरीत? आणा इकडे." साहेबांनी पान घेतलं आणि खणखणीत आवाजात हुकूम वाचला. "केरोबा वेटोळे यांना याच क्षणी जंगलाबाहेर काढण्यात यावे."

 बकुळा शेपटीवर होती. यसाबाई धावत आली. "साहेब, पोर लहान आहे हो, आज राहू द्या!" साहेबांनी पाटीकडे बोट केलं. पाटी ओली होती. माती कालवून तयार होती.

"यसा, पोरीला घे," केरोबा म्हणाला. "मीच मागितलं होतं. अर्ज माझाच आहे." आणि त्यानं डावा पाय उचलला. खरंच उचलला. एवढा प्रामाणिक प्राणी मी दुसरा पाहिला नाही, आणि एवढा बावळटही.

यसाबाई बकुळाला घ्यायला पुढं झाली. तेवढ्यात ठसा नीट उमटतोय का, ते बघायला एक हवालदार वाकला आणि सवयीनं जोरात फुरफुरला.

"बाबा!" बकुळा किंचाळली.

पाय हवेतच राहिला. केरोबानं शेपूट पोटाशी ओढली, शेपटीवरच्या लेकीला पोटात घेतलं, डोकं आत घातलं आणि गच्च गोळा झाला. पाटीच्या अलीकडे, बोटभर अलीकडे.

हवालदारांना आनंद झाला. दोघांनी नाकाडं खाली घातली.

"थांबा!" सरडेअण्णा ओरडले. "परिपत्रक! गोळा ढकलायचा नाही! ठसा पाहिजे!"

"मग सरळ करा त्याला," साहेब म्हणाले.

हवालदारांनी ओढलं. खरवडलं. गुदगुल्या करून पाहिल्या. एकानं "वाळवी आली रे, वाळवी!" अशी आरोळीही दिली. गोळा हलला नाही. तिकडं सूर्याची एक कड मोकळी झाली. उजेड साहेबांच्या तोंडावर पडला. साहेबांच्या पापण्या जड झाल्या. त्यांनी घाईघाईनं पानावर शेरा मारला, 'अर्जदार उलगडल्यावर सादर करावे,' आणि ते झोपले.

पाच वाजले. अण्णांनी फाटकाला कडी घातली. मग गोळ्यातून आधी लांब जीभ बाहेर आली, मग तोंड आलं. "गेले का सगळे?" केरोबानं विचारलं.

"कचेरी सुटली," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी जरा मऊ होता. "जा घरी. उद्या या."

वाटेत झिपरू भेटला. "वा केरोबाभाऊ! काय डोकं लढवलंत! शिष्य गुरूच्या वर गेला."

"डोकं कसलं रे? पोर घाबरली होती. दुसरं काही सुचलंच नाही."

झिपरूला ते पटलं नाही. मला पटतं. तुम्हाला काय वाटतं ते तुमच्यापाशी ठेवा.

त्याला आता बरेच पावसाळे झाले. बकुळा शेपटीवरून कधीच उतरली. काही दिवस ती बापाशेजारून चालत कचेरीत यायची. एकदा तिनं विचारलं, "बाबा, आपण रोज इथं कशाला येतो?"

"मला हाकलायचं राहिलंय ना, बाळ. काम अर्धवट ठेवू नये."

आज बकुळाचं स्वतःचं बीळ आहे आणि तिच्या शेपटीवर तिचं पोर आहे. केरोबा म्हातारा झालाय. अधूनमधून नातीला शेपटीवर घेतो आणि सकाळी दहाला फाटकाशी हजर होतो. झिपरू त्या भोकातून जाता-येता आणखी अकरा वेळा हाकलला गेला. केरोबाचं नाव मात्र वहीत शाबूत आहे. प्रवेश कायदेशीर, हजेरी पूर्ण, काम प्रलंबित.

पुढचं ग्रहण बत्तीस वर्षांनी आहे. केरोबानं तारीख विचारून ठेवली आहे. त्या दिवशी तो नक्की येणार आहे, असं त्यानं अण्णांना लिहून दिलंय.

तात्पर्य : घरी परतायचं असेल तर परत घेण्याचा अर्ज कधी करू नये, हाकलून देण्याचा करावा. कचेरी दोन्ही अर्जांना सारखाच वेळ लावते. पहिल्याची वाट कुंपणाबाहेर बघावी लागते आणि दुसऱ्याची आपल्या घरात बसून.